घरातील दिव्यांगांची शुश्रूषा : गुणवत्तेची कसोटी



‘अपंग’ हा शब्द मागे पडून ‘दिव्यांग’ हा शब्द आता शासनदरबारी आणि व्यवहारातही रूढ झाला आहे. परंतु ज्या व्यक्तीला स्वतःच्या हाताने तोंड धुता येत नाही, कूस बदलता येत नाही, तिच्या दिवसात काय फरक पडला, हा प्रश्न उरतोच. २०११ च्या जनगणनेत भारतातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. त्यांपैकी सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रातील होते. यांतील ज्यांना नित्य मदतीची गरज असते, त्यांची शुश्रूषा बहुधा घरीच होते. ती आई, पत्नी वा सून करते, किंवा ब्युरोकडून आलेल्या मावशी करतात. शुश्रूषा होते आहे, यातच सर्वांचे समाधान होते; ती कशी होते, याची चौकशी सहसा होत नाही.

मणक्याच्या दुखापतीने कमरेखालची संवेदना गमावलेल्या माणसाचे उदाहरण घ्यावे. तो तासन्तास एकाच कुशीवर राहिला, तर दाबामुळे तेथील रक्तपुरवठा खुंटतो आणि कातडी मरू लागते. वेदना कळत नसल्याने तो तक्रारही करीत नाही. माकडहाड, खुबा वा टाच यांवर लाली दिसावी आणि बोटाने दाबूनही ती फिकी पडू नये, ही शय्याव्रणाची सुरुवात होय. असे व्रण हाडापर्यंत पोहोचतात. त्यांतील जंतुसंसर्ग रक्तात पसरून प्राणही जाऊ शकतात. साधारणतः दर २ तासांनी कूस बदलणे, कातडी रोज पाहणे व कोरडी ठेवणे, आणि सरकवताना अंग चादरीवरून फरफटू न देणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

वस्त्रांचाही यात मोठा वाटा आहे. चादर सुती, ताणून अंथरलेली व चुण्या नसलेली असावी. विजारीच्या मागील खिशाचे बटण किंवा जाड शिवण हीदेखील व्रणास कारण होऊ शकते. सदरा पुढून पूर्ण उघडणारा आणि बटणांऐवजी वेल्क्रोचा असला, तर आखडलेला हात पिरगाळावा लागत नाही. अंघोळीचे पाणी आधी आपल्या कोपराने तपासावे, कारण संवेदना नसलेला पाय भाजला तरी कळत नाही. घास भरवताना व्यक्तीला शक्य तितके ताठ बसवावे, म्हणजे अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो.

एवढे सर्व नीट झाले, तरी शुश्रूषा अपुरी राहू शकते. अंग पुसताना दार उघडेच राहते. पाहुण्यांच्या देखत कपडे बदलले जातात. मावशींना घरी जायचे असते, म्हणून चाळीस वर्षांच्या माणसाला संध्याकाळी सात वाजताच निजवले जाते. यामागे कोणाची दुष्ट बुद्धी नसते. त्या व्यक्तीला विचारण्याची कोणाला आठवण होत नाही, इतकेच.

अमेरिकेतील एड रॉबर्ट्स यांना वयाच्या चौदाव्या वर्षी पोलिओ झाला आणि मानेखालचे शरीर जवळजवळ लुळे पडले. श्वासासाठीही त्यांना यंत्र लागे. तरीही १९६२ मध्ये ते बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात दाखल झाले. १९७२ मध्ये तेथे ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ ही संस्था स्थापन झाली, तिच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. मदतनीस कोण असावा, केव्हा उठावे, काय ल्यावे, हे ज्याचे त्याने ठरवावे, असा या चळवळीचा आग्रह होता. शरीर परस्वाधीन झाले म्हणून निर्णय परस्वाधीन होत नाही.

भारताच्या कायद्यानेही हे तत्त्व स्वीकारले आहे. १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये समाजात राहण्याचा हक्क आहे, अधिक सहाय्याची मागणी करण्याची सोय आहे आणि काळजीवाहकासाठी भत्त्याच्या योजनेचीही तरतूद आहे. हे अनेक कुटुंबांना ठाऊकही नसते.

जैन परंपरेत वैयावृत्याची गणना अभ्यंतर तपात होते. त्याचा मूळ संदर्भ मुनिसेवेचा असला, तरी त्यातील बोध घरालाही लागू पडतो. मात्र सेवा करणाऱ्याने आपल्या पुण्याचा हिशेब मांडण्यापूर्वी, ज्याची सेवा केली त्याला सुख लाभले का, हे पाहिले पाहिजे. रात्री-अपरात्री उठणाऱ्या माउलीचाही विचार हवा. नातलगांनी आठवड्यातून एक दुपार जरी तिचा भार उचलला, तरी तिचा हात हळुवार राहील.

प्रत्येक अशा घरी खाटेजवळ एक वही असावी. कूस केव्हा बदलली, कातडी कशी दिसली, जेवण किती गेले, हे तीत लिहावे, म्हणजे मावशी बदलल्या तरी क्रम मोडणार नाही. आणि तीत एक रकाना त्या व्यक्तीच्या स्वतःच्या म्हणण्यासाठी ठेवावा. ज्याला बोलता येत नाही, त्याची खूण, नजर वा नकार तेथे नोंदवावा. घरातील शुश्रूषेची खरी गुणवत्ता त्या रकान्यातच वाचता येईल.