बांधावरचं जीवशास्त्र



मी बालरोगतज्ज्ञ. जनुकांच्या परिषदेला असला स्वागताध्यक्ष का निवडला, ते निमंत्रकांनाच ठाऊक! पण विषय डीएनएमधल्या इन्सुलेटरचा आहे म्हटल्यावर मी लगेच होकार दिला.

काही बाळं जन्मतःच थोराड असतात, जीभ तोंडात मावत नाही. हा बेकविथ-वीडेमान सिंड्रोम. पुढे मूत्रपिंडात गाठ होण्याची भीती, म्हणून दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी. यातल्या काही बाळांत वाढीचं आयजीएफ-२ हे जनुक अगदी धडधाकट असतं. बिघाड असतो शेजारच्या इन्सुलेटरमध्ये, जो स्वतः एकही प्रथिन बनवत नाही. आईकडून आलेल्या गुणसूत्रावर सीटीसीएफ हे प्रथिन तिथं ठाण मांडून बसतं आणि पलीकडच्या एन्हान्सरला, म्हणजे जनुक चेतवणाऱ्या तुकड्याला, या जनुकापर्यंत पोचू देत नाही. वडिलांकडच्या प्रतीवर त्याच जागी मिथाइलचे ठसे असतात. सीटीसीएफला बसता येत नाही, जनुक चालू राहतं. आईच्या प्रतीवरही हे ठसे उमटले, की दोन्हीकडचं जनुक चालू आणि बाळ वाजवीपेक्षा वाढतं. वडिलांच्या प्रतीवरचे पुसट झाले, तर सिल्व्हर-रसेल सिंड्रोमचं किरकोळ बाळ जन्मतं. उंदरांवरच्या प्रयोगांतून २००० साली ही यंत्रणा उलगडली.

त्याआधी फळमाशीनं वाट दाखवली होती. डोळ्याला लाल रंग देणारं जनुक गुणसूत्रात कुठं जाऊन बसतं, त्यावर डोळा फिकट पिवळा, नारिंगी की लाल हे ठरायचं. १९९१ मध्ये केलम आणि शेडल यांनी त्या जनुकाच्या दोन्ही अंगांना एससीएस जातीचे इन्सुलेटर तुकडे जोडले आणि जागेचा हा प्रभाव जवळपास थांबला. आपल्याकडे हैदराबादच्या सीसीएमबीत राकेश मिश्रा यांच्या गटानं माशीतल्या अशा सीमांवर वर्षानुवर्षं काम केलंय.

शेताचा बांध कोरला तर भावकी कोर्टात जाते. डीएनएतला असा बांध कोरला, तर परिणाम थेट हातांवर दिसतो. बर्लिनच्या मुंडलोस यांच्या गटानं २०१५ मध्ये दाखवलं, की ईपीएचए-४ या जनुकाजवळची सीमा गळाली तर तिथले एन्हान्सर शेजारच्या पॅक्स-३ या जनुकाला चेतवतात आणि बोटं आखूड राहतात.

म्हणून 'जनुकात दोष नाही' एवढ्या रिपोर्टवर आम्ही डॉक्टरांनी फाइल मिटू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सीमा तपासायच्या कशा, हे आपल्याकडून ऐकायला मी मागच्या रांगेत बसणार आहे. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर आमच्या कार्यकर्त्यांना हक्कानं हाक मारा.