डिफॉल्टला मालक असावा



 परिषदेच्या अध्यक्षाने सरत्या वर्षाचा आढावा घ्यायचा असा पायंडा आहे. कोड लिहून देणारी यंत्रं, क्लाउडची वाढती बिलं, नव्या भाषा, नोकऱ्यांचा प्रश्न या सगळ्यांवर इथे स्वतंत्र सत्रं आहेत आणि त्या त्या विषयातली जाणकार मंडळी बोलणार आहेत. त्यामुळे आढावा मी इथेच थांबवतो.

मला बोलायचंय ते आपल्या रोजच्या कामातल्या अशा एका कोपऱ्याबद्दल, ज्याच्यावर कुणी निबंध वाचत नाही. प्रोग्राम सुरू होताना मूळ सेटिंग कुठून येतात, ती कोण वाचतं आणि फाईल सापडली नाही तर काय होतं? माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ऑब्जेक्टने कॉन्फिग फाईल उघडू नये. फाईल एकदाच, प्रोग्राम सुरू होताना वाचावी, तिथेच तपासावी आणि ज्या ऑब्जेक्टला जे मूल्य लागतं ते कन्स्ट्रक्टरमधून त्याच्या हाती द्यावं. आणि जे मूल्य चुकलं तर कुणाचं तरी नुकसान होणार आहे, त्याला डिफॉल्ट ठेवूच नये. ते मिळालं नाही तर प्रोग्रामने सुरू व्हायला साफ नकार द्यावा.

यात नवीन काय, असं काही जणांच्या मनात आलं असेल. पुस्तकात हे आहेच. मार्टिन फाउलर यांनी या पद्धतीवरचा, म्हणजे डिपेन्डन्सी इंजेक्शनवरचा लेख २००४ साली लिहिला, आपण सगळ्यांनी तो वाचला, मुलाखतींत त्यावर प्रश्नही विचारले. तरी आज रिव्ह्यूला आलेला कुठलाही क्लास उघडा. पहिल्या स्क्रीनवरच फाईलचं नाव लिहिलेलं सापडतं.

एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. संस्थेचं नाव सांगत नाही, ज्यांनी ते लिहिलं त्यांचंही नाही. ठेवींवरचं व्याज काढणारा क्लास दरांची फाईल स्वतःच उघडायचा. पत्ता म्हणून नुसतं फाईलचं नाव, फोल्डरचा उल्लेख नाही. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटमध्ये फोल्डर नोंदलेला होता, त्यामुळे तिथून चालवलं की सगळं ठीक. पुढे हे काम रात्री आपोआप व्हावं म्हणून कुणीतरी त्याची विंडोज सर्व्हिस केली. वेगळं काही सांगितलं नाही तर विंडोज सर्व्हिस सिस्टिम-३२ या फोल्डरमधून चालते. तिथे दरांची फाईल कुठून असणार? एरर आली, ती पकडणारा कॅच ब्लॉक रिकामा होता, आणि क्लासने स्वतःच्या पोटातले आकडे वापरले. त्यांतला मूळ दर नेमका चालू दराइतकाच निघाला, म्हणून कुणाला शंका आली नाही. ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का जादा दर मात्र त्या आकड्यांत शून्य होता.

लॉगमध्ये रोज रात्री 'काम यशस्वी' अशी नोंद पडत होती. चूक सापडली ती एका निवृत्त शिक्षिकेला. त्यांनी पासबुकाच्या समासात पेन्सिलीने प्रत्येक तिमाहीचं व्याज मांडलं होतं. काउंटरवर ते ठेवून त्यांनी विचारलं, "माझा अर्धा टक्का कुठे गेला?" काउंटरवरच्या मुलीने उत्तर दिलं, "बाई, कॉम्प्युटरने काढलंय, ते चुकायचं नाही." ते पासबुक मी हातात घेऊन पाहिलंय. बाईंचा हिशेब पैशापर्यंत बरोबर होता.

यावर माझे एक सहकारी नेहमी म्हणतात की दोष रिकाम्या कॅच ब्लॉकचा आहे, रचनेचा नाही. मला हे मान्य नाही. व्याज काढणाऱ्या क्लासला दर कन्स्ट्रक्टरमधून मिळाला असता, तर फाईल कुठे आहे या प्रश्नाशी त्याचा संबंधच आला नसता. दर नाही म्हणजे ऑब्जेक्टच तयार होत नाही, आणि रिकामा कॅच लिहायला जागाच उरत नाही. शिवाय हा क्लास तपासायचा तर आधी डिस्कवर फाईल मांडून ठेवावी लागायची. म्हणून त्याची टेस्ट कुणी लिहिलीच नव्हती.

गप्प राहून पुढे जाण्याची ही सवय काही आपल्याच पोरांची नाही. पायथनच्या कॉन्फिगपार्सरला फाईल वाचायला सांगा. फाईल नसेल तर तो हूं का चूं करत नाही. ज्या फाईली वाचता आल्या त्यांची यादी तेवढी परत देतो, आणि ती यादी तपासणारा माणूस मला क्वचितच भेटलाय. आवश्यक फाईल आधी वेगळ्या पद्धतीने वाचा, असं पायथनच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय. तिथपर्यंत कोण जातो?

जावाच्या प्रॉपर्टीज क्लासची गोष्ट जास्त बोलकी आहे. त्याला डिफॉल्टची दुसरी यादी जोडता येते. गेटप्रॉपर्टी विचारलं की तो आधी स्वतःत बघतो, नाही सापडलं तर डिफॉल्टमध्ये. पण हा क्लास हॅशटेबलचा वारस. त्यामुळे त्याच ऑब्जेक्टला कंटेन्सकी विचारा, उत्तर येतं 'नाही'. म्हणजे एका दाराने विचारलं तर सेटिंग आहे आणि दुसऱ्या दाराने विचारलं तर नाही! आणि स्टोअर करून फाईल लिहिली की डिफॉल्ट मूल्यं तिच्यात उतरतच नाहीत. हा वारसा चुकीचा होता, असं जोशुआ ब्लॉक यांनी 'इफेक्टिव्ह जावा'मध्ये लिहून ठेवलंय.

वारशाचा आणखी एक सापळा आहे आणि त्यात चांगले चांगले अडकतात. पायाभूत क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून 'डिफॉल्ट वाच' अशी मेथड बोलवायची आणि प्रत्येक वारसाने ती आपापल्या परीने लिहायची. दिसायला सुंदर. आता जावात काय घडतं ते बघा. वारसाची मेथड फाईल उघडते, टाइमआउट ९० वाचते, आपल्या फील्डमध्ये ठेवते. पायाभूत कन्स्ट्रक्टर संपतो. त्यानंतर वारसाची स्वतःची फील्ड भरायला सुरुवात होते, आणि तिथे 'टाइमआउट = ३०' अशी ओळ असेल तर ९० पुसून पुन्हा ३० बसतात. फाईल बरोबर, वाचणं बरोबर, हाती येतं ते चुकीचं. नवीन आलेल्यांना मी हा क्रम डीबगर न उघडता कागदावर मांडायला लावतो. एकदा मांडला की ते ऑब्जेक्टकडून फाईल वाचून घेत नाहीत.

यामल, जेसन की टॉमल, हा वाद आपल्याकडे कित्येक परिषदा चालू आहे. यामलच्या १.१ आवृत्तीत अवतरणाशिवाय लिहिलेला 'नो' हा शब्द 'असत्य' होतो आणि नॉर्वेचा देशसंकेत हातचा जातो, हे खरं. जेसनमध्ये टीप लिहायची सोय नाही, हेही खरं. पण मी असा एक गट पाहिलाय, ज्याने एक्सएमएल सोडून यामल घेण्यावर अख्खा पावसाळा घालवला आणि शेवटी फाईल उघडणारे क्लास होते तिथेच राहिले. रात्रीचे फोनही तसेच राहिले. मूल्याचा प्रकार आणि मर्यादा सुरुवातीलाच तपासा, मग कुठलाही साचा घ्या.

सेटिंग एन्व्हायर्नमेंटमधून घ्यावं, हा हेरोकूच्या मंडळींनी ट्वेल्व्ह-फॅक्टर या नियमावलीत मांडलेला आग्रह मला पटतो. पण चार थर खाली बसलेला क्लास स्वतःच गेटएन्व्ह बोलवत असेल, तर रोग तोच. स्प्रिंगच्या व्हॅल्यू अ‍ॅनोटेशनमध्ये कोलन देऊन पुढे डिफॉल्ट लिहिण्याची सोय आहे, तिचंही तसंच. एकाच टाइमआउटचे डिफॉल्ट मी एका प्रकल्पात तीन क्लासमध्ये पाहिलेत: ५, ३० आणि ६०. यातला खरा कुठला, असं विचारलं तर खोलीतल्या एकालाही सांगता आलं नाही. डिफॉल्ट हा कुणीतरी घेतलेला निर्णय असतो. तो एकाच जागी लिहिलेला असावा, शेजारी कारण असावं आणि त्याचं उत्तर देणारा माणूस असावा. डिफॉल्ट केवढा महाग पडू शकतो ते बघा. मोंगोडीबी या डेटाबेसची बरीच जुनी इन्स्टॉलेशन्स पासवर्डाविना, सगळ्या नेटवर्कसाठी उघडी होती. जानेवारी २०१७ मध्ये खंडणीखोरांनी असे हजारो डेटाबेस पुसले. त्याच वर्षी आलेल्या ३.६ आवृत्तीपासून फक्त लोकलहोस्टवर ऐकणं हा सगळीकडे डिफॉल्ट झाला.

डिफॉल्ट हा कुणाचा तरी निर्णय असतो, हे मराठीत काम करणाऱ्यांनी तर विसरूच नये. जावाचा प्रॉपर्टीज क्लास बाइटांच्या प्रवाहातून वाचताना फाईल आयएसओ ८८५९-१ मध्ये आहे असं धरतो. त्या संचात युरोपची अक्षरं आहेत, आपलं एकही नाही. मग 'म' लिहायला उलटी तिरकी रेघ, यू आणि चार चिन्हांचा संकेत, म्हणजे सहा चिन्हं. 'मराठी' लिहायला ३०. फॉर्मवरची मराठी लेबलं आम्ही नेटिव्हटूआस्की या साधनातून काढायचो आणि मग त्या फाईलमधलं शुद्धलेखन कुणाही माणसाला तपासता यायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या कितीतरी चुका त्या संकेतांच्या आड तशाच ग्राहकांपर्यंत गेल्या. २००६ च्या जावा ६ मध्ये रीडरमधून वाचायची सोय झाली, २०१७ च्या जावा ९ पासून रिसोर्स बंडल यूटीएफ-८ मध्ये वाचलं जाऊ लागलं, २०२२ च्या जावा १८ मध्ये यूटीएफ-८ हाच मूळ संच ठरला. बाइटांच्या प्रवाहाचा तो जुना नियम मात्र आजही तसाच आहे. आपली लिपी ज्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती त्यांनी तो ठरवला आणि एका पिढीने तो निमूट सोसला. त्या पिढीतले माझे बरेच सोबती आता निवृत्त झाले. त्यांचे ते तास कुणी मोजले नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

परिषदेने काही कामं हाती घ्यावीत असं मला वाटतं. मराठीत एक छोटी पुस्तिका निघावी, त्यात चालणारा कोड असावा. अभियांत्रिकीच्या पहिल्या प्रकल्पात सेटिंग वाचण्याचा भाग वेगळा तपासला जावा, यासाठी विद्यापीठांशी बोलावं. रिव्ह्यूसाठी एक टिपण असावं. तपशील आणि पैशांची जुळवाजुळव कार्यकारिणी ठरवेल, तरुणांची एक उपसमितीही नेमता येईल. ज्यांच्याकडे त्या पासबुकासारखी उदाहरणं असतील त्यांनी नावं काढून ती लिहून द्यावीत. पुस्तिकेची सुरुवात तिथूनच होईल.

 पहिल्या सत्राच्या वक्त्यांनी व्यासपीठावर यावं.