पाण्याची खूण नकाशावर आणू या



गावात रस्ता मंजूर झाला की आपण विचारतो, डांबराचा की सिमेंटचा? रुंदी किती? पण तो किती उंचीवरून जाणार, हे सहसा कोणी विचारत नाही. पावसाळ्यात मात्र सगळं त्या उंचीवरच ठरतं.

म्हणून आज रस्त्याच्या एका नकाशाची ओळख करून घेऊ. इंजिनिअर त्याला 'एल-सेक्शन' म्हणतात. कांदा उभा चिरला की आतले थर दिसतात. तसाच रस्ता लांबीनं चिरून बाजूनं पाहिला, तर जे चढ-उतार दिसतील ते या कागदावर असतात.

त्यात मुख्य रेघा दोन. पहिली वाकडीतिकडी, ती आजच्या जमिनीची. मोजणीवाले ठरावीक अंतरावर जमिनीची उंची घेतात. ते आकडे सिव्हिल थ्रीडीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भरले की ही रेघ संगणक काढून देतो. दुसरी रेघ होणाऱ्या रस्त्याची. ती इंजिनिअरला ठरवावी लागते. चढ कुठं सुरू, कुठं संपला, ते बिंदू तो मांडतो. दोन उतार मिळतात तिथं गोलाई देतो, म्हणजे गाडीला दणका बसत नाही आणि टेकाडापलीकडून येणारं वाहन वेळेत दिसतं. नवी रेघ जमिनीच्या वर असेल तिथं भराव, खाली असेल तिथं खोदकाम.

सपाट भागात चढ साधारण 30 फुटांत 1 फूट, त्याहून जास्त नसावा, असा दंडक आहे. कागदावर तो फार उभा दिसला तर घाबरू नका. चढ-उतार नीट दिसावेत म्हणून उंची बहुधा दहापट ताणून काढतात.

आता मुद्द्याचं. मोजणी उन्हाळ्यात झाली तर नाला कोरडा असतो. यंत्राला नाल्याचा तळ कळतो, पण पाणी कुठवर चढतं ते कळत नाही. ते ठाऊक असतं वावरातून डोक्यावर भारा घेऊन येणारीला, धुणं घेऊन नाल्यावर जाणारीला. 22 जुलै 2023 ला आपल्याच जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुरानं वेढलं, माणसं अडकली. असं पाणी ज्यांनी पाहिलं, त्यांची आठवण हीसुद्धा मोजणीच आहे.

रेघ नाल्यावर खाली राहिली, तर रपट्यावरून पाणी जातं आणि बाळंतपणाला निघालेली बाई अलीकडेच थांबते. वस्तीत रेघ फार वर गेली, तर रस्त्याचं पाणी घरात शिरतं. त्यात आपली काळी माती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. कडेला पाणी तुंबलं की वरचा रस्ताही खचतो.

मग आपण काय करायचं? प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत आराखडा पक्का होण्याआधी रस्त्याच्या वाटेनं गावकऱ्यांसोबत पायी फेरी काढायची असते. महिला पंचायत सदस्यांना आणि बचत गटांच्या प्रतिनिधींना त्यात सोबत घ्यायचं असतं. फेरी कधी आहे, ते ग्रामपंचायतीत आधीच विचारून ठेवा. त्या दिवशी जुन्याजाणत्या बायांना घेऊन जा. पाणी जिथवर आलं होतं त्या झाडावर, भिंतीवर चुन्याची खूण करून ठेवा. आणि तीन प्रश्न विचारा. पुराची ही पातळी एल-सेक्शनवर दाखवली का? नाल्यावर रस्ता त्याच्या वर आहे का? माझ्या उंबरठ्यापासून रस्ता किती उंच होईल, आणि पाणी कोणत्या मोरीतून जाईल?

संगणकावरची रेघ वर-खाली करायला थोडा वेळ लागतो. बांधलेला रस्ता उचलायला मात्र पुन्हा मंजुरी, पुन्हा पैसा, आणि मध्ये कितीतरी पावसाळे. म्हणून रेघ कागदावर आहे तोवरच बोलू या.