जटायू हरला का?



मला गाता येत नाही, म्हणून एका चित्राबद्दल पाच मिनिटं बोलते.

राजा रविवर्मा यांचं ‘जटायुवध’ आपल्यापैकी अनेकांनी कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत, नाहीतर कॅलेंडरवर पाहिलं असेल. रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत गिरगावला छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एका रंगावर दुसऱ्या रंगाची छपाई. अशा छापील प्रतींमुळे राजवाड्यातली चित्रं साध्या घरांच्या भिंतींवर आली.

चित्र आठवा. एका हाताने सीतेला आवळून धरलेला रावण, दुसऱ्या हातात तलवार. जटायूचा पंख तुटून पडतोय. सीतेने चेहरा झाकलाय. राम नाही, लक्ष्मण नाही. हा अन्याय उघड्या डोळ्यांनी बघणारे फक्त आपण, चित्रासमोर उभे असलेले.

वाल्मीकींच्या कथेत जटायू आधी रावणाला समजावतो, मग त्याचा रथ मोडतो. रविवर्म्यांनी तो पराक्रम नाही रंगवला, पंख तुटल्याचा क्षण रंगवला. म्हातारा जटायू रावणापुढे टिकणार नव्हता, तरी मध्ये पडला. पंख गेल्यावरही राम येईपर्यंत त्याने प्राण धरून ठेवले आणि सीतेला कुणी, कोणत्या दिशेला नेलं ते सांगितलं. रामाने त्याचे अंत्यसंस्कार वडिलांसारखे केले. चित्रात दिसते ती हार. पण सीतेच्या शोधाला दिशा मिळाली ती त्याच्यामुळेच.

हे चित्र पाहिलं की मला आपल्या बाई आठवतात. आपण नववीत असताना वर्गातल्या एका मैत्रिणीचं लग्न ठरलं. शाळा सुटल्यावर बाई इथेच पुंडलिकनगरात तिच्या घरी गेल्या. एकदा नाही, तीनदा. लग्न थांबलं नाही. पण तिसऱ्या खेपेला त्यांनी तिच्या वडिलांकडून एक शब्द घेतला, की पोरीला सतरा नंबरचा फॉर्म भरू द्यायचा. ती बाहेरून दहावीला बसली, पास झाली, पुढेही शिकली. आज ती दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिला विचारूनच हे सांगते आहे.

बाई, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “तेव्हा माझ्याने काहीच झालं नाही गं.” जरा मागे वळून दुसऱ्या रांगेकडे बघा.