लांबच्या वाटेची पिशवी



आपल्यापैकी पुष्कळजण सायकल चालवतात. शहरात पंक्चर झाले, तर कोपऱ्यावर दुकान असते. लांबच्या वाटेवर मात्र आपली पिशवी हेच आपले दुकान.

आम्ही एकदा शाळेची मुले घेऊन नागपूरहून सेवाग्रामला निघालो. वाट सुमारे ७५ किलोमीटरांची. संध्याकाळच्या प्रार्थनेला पोचायचे, असे मुलांना वचन दिले होते. बुटीबोरी मागे पडली आणि एका मुलाच्या चाकात बाभळीचा काटा शिरला. आम्ही ऐटीत पिशवी उघडली. पाना होता, पंप होता. पण सोल्युशनची नळी वाळून दगड झालेली! दोन तास उन्हात सायकली ढकलल्या. शेवटी बाजाराला निघालेला एक सायकलवाला थांबला. ठिगळ लावून देत तो म्हणाला, "गुरुजी, निघताना नळी उघडून नाही पाहिली का?"

प्रार्थना चुकली. मुले काहीच बोलली नाहीत. तेच आम्हाला जास्त लागले.

तेव्हापासून आम्ही पिशवी अशी भरतो. एक जादा ट्यूब. ठिगळे, पॉलिशपेपर आणि सोल्युशनच्या दोन नळ्या; त्यातली एक न फोडलेली. टायर काढायच्या पट्ट्या, पाना, पंप. व्हॉल्व्हची रबरी नळी, ब्रेकचे रबर, चेनची एक कडी. थोडे तेल, चिंधी, सुतळी. शिवाय जुन्या टायरचा वीतभर तुकडा. टायर फाटला, तर तो आतून लावता येतो.

ठिगळ लावताना घाई करू नका. ट्यूब घासा, सोल्युशन लावा, ते थोडे सुकू द्या, मगच ठिगळ दाबा. टायरच्या आतून जपून बोट फिरवा. काटा आतच राहिला, तर नवी ट्यूबही जाते.

१९८५ साली बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' यात्रेत तरुण मंडळी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर निघाली. वाट तेवढी लांब असो की आपल्या रामटेकची असो, काटा सर्वांना सारखाच.

म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी पिशवी रिकामी करा. प्रत्येक वस्तू हाताळून पाहा. घरी एकदा चाक खोलून पाहा. नुसती पिशवीत असलेली वस्तू कामी येत नाही. पारखलेली वस्तूच कामी येते.

आणि वाटेत कुणी अडलेला दिसला, तर थांबा. आमच्यासाठीही कुणीतरी थांबले होते.