जमीन कोणाची? — इंग्लंडमधील वारसाहक्काची दोन शतके



सोळावे आणि सतरावे शतक इंग्लंडच्या इतिहासात राजांच्या विवाहांनी, धर्मविषयक वादांनी आणि यादवी युद्धाने गाजले. आज मी आपले लक्ष वेधणार आहे ते एका कमी गाजलेल्या प्रश्नाकडे. बाप मरण पावला की त्याची जमीन कोणाची होत असे? राजसिंहासनाच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न त्या काळी घरोघर जिव्हाळ्याचा होता.

प्रथम 'मालकी' या शब्दाचाच विचार केला पाहिजे. कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडमधील सारी भूमी अंतिमतः राजाची होती. इतर सर्वजण ती कोणाकडून तरी धारण करीत. त्यांतील 'फ्रीहोल्डर' हा सर्वांत सुरक्षित, कारण त्याला राजाच्या न्यायालयात दाद मागता येई. 'कॉपीहोल्डर' शेतकऱ्याचे तसे नव्हते. त्याचे नाव जहागिरीच्या न्यायालयाच्या दप्तरात नोंदलेले असे आणि त्या नोंदीची नक्कल हाच त्याच्या हक्काचा दाखला. बापाच्या मागे मुलाने त्या न्यायालयात हजर राहून नजराणा भरायचा, मग नोंद त्याच्या नावे व्हायची. नजराणा रूढीने ठरलेला असेल तर घर तगून जाई. तो जहागीरदाराच्या मर्जीवर अवलंबून असेल तर प्रत्येक मृत्यूबरोबर नवे संकट उभे राही. सोळाव्या शतकात राजाची न्यायालये कॉपीहोल्डरांच्या तक्रारीही ऐकू लागली, हा त्या शेतकऱ्यांना मोठाच आधार झाला.

फ्रीहोल्ड जमिनीचा सर्वसाधारण नियम ज्येष्ठाधिकाराचा होता: सारी जमीन थोरल्या मुलाची. केंट परगण्यात मात्र ती सर्व मुलग्यांत समान वाटली जाई, तर काही ठिकाणी ती चक्क धाकट्याकडे जाई. मुलगा नसेल तर ती सर्व मुलींना सारख्या वाट्याने मिळे. हा शेवटचा मुद्दा आपण विशेष ध्यानात ठेवावा. मृताच्या भावापेक्षा मुलीचा हक्क आधीचा होता.

जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा मात्र सामान्य कायद्यात नव्हती. म्हणून लोक ती विश्वासू माणसांच्या हाती सोपवून तिचा उपभोग कोणी घ्यावा हे सांगून ठेवीत. या युक्तीमुळे राजाचे उत्पन्न बुडे. १५३६ साली आठव्या हेन्रीने कायदा करून ही वाट जवळजवळ बंद केली. जमीनदारांत मोठा असंतोष माजला आणि १५४० साली राजाला पाऊल मागे घ्यावे लागले. नव्या कायद्याने लष्करी सेवेच्या बोलीवर धारण केलेल्या जमिनीपैकी दोनतृतीयांश आणि साध्या बोलीवरची सर्व जमीन मृत्युपत्राने देता येऊ लागली. १६६० मध्ये लष्करी बोलीच रद्द झाली आणि उरलेले बंधनही गेले.

या स्वातंत्र्याचा उपयोग लोकांनी कसा केला? सामान्य शेतकऱ्यांनी तो बहुधा धाकट्यांसाठी केला. मार्गारेट स्पफर्ड यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या केंब्रिजशायरच्या अभ्यासात असे दिसते की, थोरल्याला जमीन देताना बाप त्याच्यावर भावंडांना रोख रकमा देण्याची जबाबदारी टाकीत; त्या ओझ्याने लहान शेते कधी कधी डबघाईला येत. एमी एरिक्सन यांनी १९९३ साली दाखवून दिले की, सामान्य घरांतील मुलींना जमीन क्वचित मिळाली तरी भांडीकुंडी, गुरे आणि पैसा यांच्या रूपाने मूल्याच्या दृष्टीने भावांच्या तोडीचा वाटा पुष्कळदा मिळे. मात्र विवाह होताच तिची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. वैधव्यात नवऱ्याच्या जमिनीच्या एकतृतीयांशाचा तहहयात उपभोग, किंवा लग्नाच्या वेळी ठरलेली जमीन वा नेमणूक, एवढाच तिचा आधार असे.

बड्या घराण्यांची रीत वेगळी होती. लेडी ॲन क्लिफर्ड हिची हकीकत या बाबतीत बोलकी आहे. तिचा बाप, कंबरलंडचा तिसरा अर्ल, १६०५ साली वारला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. एकुलत्या एक हयात मुलीसाठी पंधरा हजार पौंड ठेवून त्याने उत्तरेकडील जहागिरी आपल्या भावाला दिल्या होत्या. जुन्या दस्तऐवजांनुसार त्या जहागिरी मुलगा वा मुलगी असा भेद न करता वंशजाकडेच जाव्यात, असे तिचे आणि तिच्या आईचे म्हणणे होते. १६१७ साली पहिल्या जेम्स राजाने तिच्या काकाच्या बाजूने निवाडा दिला. नवरा रकमेवर राजी होता. तिने संमती देण्याचे साफ नाकारले. अखेर १६४३ मध्ये काकाचा मुलगा पुत्राविना वारला आणि जहागिरी तिच्याकडे आल्या. १६४९ साली ती उत्तरेस गेली, पडके किल्ले तिने दुरुस्त केले आणि १६७६ मध्ये आपल्या ब्रूम किल्ल्यात देह ठेवला.

तिला यश आले ते कज्जाने नव्हे, तर दुसऱ्या शाखेचा पुरुषवंश खुंटल्यामुळे, हे विसरता कामा नये. पुढे सतराव्या शतकाच्या मध्यास वकिलांनी अशी तरतूद शोधली की, मुलाच्या लग्नाच्या वेळी त्याला जमिनीचा केवळ तहहयात उपभोग द्यायचा आणि खरा हक्क त्याच्या अजून न जन्मलेल्या मुलासाठी विश्वस्तांकरवी राखून ठेवायचा. नातू सज्ञान झाला की हाच करार नव्याने होई. जमीन विकली जात नसे, तुटत नसे. धाकट्या मुलांना धर्मपीठ, वकिली, सैन्य वा व्यापार यांचा रस्ता धरावा लागे. मुलींचे हुंडे आधीच ठरत. आयलीन स्प्रिंग यांच्या मते (१९९३) या साऱ्या खटाटोपाचा एक मुख्य हेतू मुलीचा तो जुना, कायदेशीर हक्क टाळणे हाच होता. म्हणजे मृत्युपत्राच्या आणि कराराच्या ज्या स्वातंत्र्याने शेतकऱ्याने लेकीला गाय दिली, त्याच स्वातंत्र्याने उमरावाने लेकीची जहागीर काढून घेतली.

ज्येष्ठाधिकार आणि कॉपीहोल्ड या दोन्ही पद्धती इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९२६ रोजी संपुष्टात आल्या. इतकी दीर्घकाळ टिकलेली व्यवस्था केवळ जुलमावर उभी नव्हती. घर एकत्र राहावे ही तिच्यामागची ओढ खरी होती. त्या एकत्र राहण्याची किंमत घरातील कोणी मोजली, हे पाहिल्याशिवाय मात्र तिचा इतिहास पुरा होत नाही. कायद्याच्या कलमांत ते फारसे सापडत नाही. मृत्युपत्रांत, जहागिरीच्या दप्तरांत आणि एका हट्टी स्त्रीने जपून ठेवलेल्या कागदपत्रांत ते सापडते. अभ्यासकांनी तिकडे वळावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.