धावणे आणि पावतीपुस्तक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडत. माझी परीक्षेची फी त्यातूनच भरली गेली, हे मला फार उशिरा कळले.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. मुंबईत ते अंतर मी एका सेवाकार्याच्या निधीसाठी धावलो. पाय दुखले आणि बरेही झाले. परिचितांपुढे हात पसरताना मात्र जीभ अडखळे. “धावणार तू, मग पैसे आम्ही का द्यायचे?” एका स्नेह्याने विचारले. प्रश्न रास्त होता. मी निरुत्तर झालो.

उत्तर मिळाले ते कॅनडाच्या टेरी फॉक्सच्या चरित्रात. कर्करोगामुळे १९७७ मध्ये उजवा पाय गमावलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सहून निघाला. कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, आणि हेतू कर्करोग-संशोधनासाठी निधी. पोर्ट ओ बास्क या सुमारे १० हजार वस्तीच्या गावाने १० हजार डॉलर दिले, तेव्हा प्रत्येक देशबांधवाकडे एकच डॉलर मागावा, असे त्याच्या मनाने घेतले. धावण्याचे मोल तो मागत नव्हता. धावणे ही त्याची स्वतःची वर्गणी होती. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले आणि थंडर बेजवळ, फुप्फुसांत पसरलेल्या रोगाने त्याला थांबवले. फेब्रुवारी १९८१ मध्ये निधी २ कोटी ४० लाख डॉलरांवर गेला. जूनमध्ये तो निवर्तला. वय अवघे २२.

पुढच्या वर्षी मी त्याच स्नेह्याकडे गेलो, आधी माझ्या नावाची पावती फाडून. त्यांनी चहा मागवला आणि पेन मागितले.